घरच्या घरी फ्रूट योगर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रूट योगर्ट घरी करणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक दोनच असतात: पाणी सुटलं, नाहीतर फार आंबट झालं. पहिलीचं कारण बरेचदा फळात असतं, ते दह्यात फार लवकर किंवा रसासकट कच्चं पडलेलं असतं. दुसरीचं कारण दह्याला दिलेल्या जास्तीच्या वेळात असतं. म्हणून दही वेगळं लावायचं, फळ वेगळं शिजवून आटवायचं आणि दोन्ही पूर्ण गार झाली की मगच एकत्र करायची. एवढं पाळलं तर बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

दूध विरजतानाच त्यात फळं घातली तर काय बिघडतं?

बरंच काही. दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), साधारण ६.६ ते ६.७ असतो. विरजणातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. पीएच हळूहळू ४.६ च्या आसपास उतरला की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांत गुंतत जातं आणि एकसंध, मऊ दही लागतं. सगळी गंमत त्या 'हळूहळू'मध्ये आहे. आंबट फळ घातलं की आम्ल एकदम वाढतं, दूध लागायच्या ऐवजी फाटतं आणि हाती गुठळ्या व पाणी येतं.

दुसरी अडचण अशी की कच्च्या फळाच्या सालीवर यीस्ट आणि बुरशीचे कण असतातच. तुम्ही ते फळ काही तास उबेत ठेवता, वर खायला साखर देता. दह्याच्या जिवाणूंबरोबर तेही कामाला लागतात. शिवाय काही फळांमधली विकरं, म्हणजे एन्झाइम, याच उबेत जोमाने काम करतात. त्यांच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

एकदा सगळी कृती प्रमाणासह सांगाल का?

एक लिटर पूर्ण सायीचं दूध जाड बुडाच्या पातेल्यात ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा आणि मंद आचेवर त्याच सुमाराला २० मिनिटं राहू द्या, अधूनमधून ढवळा. मग ४३ ते ४५ अंशांपर्यंत निवू द्या. दोन मोठे चमचे ताजं, साधं योगर्ट थोड्या कोमट दुधात गुठळी न राहता कालवा आणि ते उरलेल्या दुधात मिसळा. झाकून, हलवाहलव न करता, उबदार जागी ५ ते ७ तास ठेवा. लागलं की लगेच फ्रिजमध्ये, शक्यतो रात्रभर.

दही लागतंय तोवर २५० ग्रॅम फळ आणि ५० ग्रॅम साखर एकत्र शिजवून दाट करा, गॅस बंद केल्यावर एक छोटा चमचा लिंबाचा रस घाला आणि तेही फ्रिजमध्ये गार करा. दुसऱ्या दिवशी ५०० ग्रॅम दह्याला १०० ते १२० ग्रॅम फळ या प्रमाणात हलक्या हाताने एकत्र करा. फळ याहून वाढवायचा मोह होतो, पण मग दही सैल पडतं. जास्त फळ हवं असेल तर ते खाताना वरून घ्यावं.

दूध आधीच पाश्चराइज्ड आहे, तरी इतकं तापवायचं कशाला?

हे तापवणं जंतू मारण्यापेक्षा दह्याच्या पोतासाठी जास्त महत्त्वाचं आहे. ८० अंशांच्या वर दुधातली व्हे प्रथिनं उलगडतात आणि केसीनला चिकटतात. अशा दुधाचं दही दाट लागतं आणि आपलं पाणी धरून ठेवतं. नुसतं कोमट करून विरजलेल्या दुधाचं दही लागतं खरं, पण चमचा घातला की खड्ड्यात पाणी जमतं. साध्या दह्यात ते खपून जातं. फ्रूट योगर्टमध्ये फळाचंही पाणी येणार असतं, म्हणून इथे ही २० मिनिटं वाचवू नका.

यूएचटी, म्हणजे बंद खोक्यातलं दूध मात्र कारखान्यात आधीच खूप तापवलेलं असतं. ते थेट ४५ अंशांपर्यंत कोमट करून विरजता येतं. दही किंचित मऊ लागतं एवढंच.

विरजण कोणतं वापरू? घरचं नेहमीचं दही चालेल का?

चालतं, पण अपेक्षा वेगळी ठेवा. योगर्टमध्ये प्रामुख्याने दोन जिवाणू असतात: लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. पहिल्याचा शोध स्तामेन ग्रिगोरोव या बल्गेरियन वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १९०५ मध्ये जिनिव्हात लावला. या दोघांना ४० ते ४५ अंशांची ऊब मानवते, आणि दोघं एकमेकांच्या वाढीला मदत करतात. घरच्या विरजणात यांच्याशिवाय कमी तापमानाला वाढणारे इतर जिवाणूही असतात, आणि प्रत्येक घरचं मिश्रण वेगळं. त्याचं दही चवीला उत्तम असेल, पण दर वेळी तसंच दाट आणि तसंच गोडसर लागेल याची खात्री नाही.

विकतचं योगर्ट वापरणार असाल तर ते साधं, बिनसाखरेचं, बिनस्वादाचं आणि जिवंत जिवाणू असलेलं हवं. काही प्रकार टिकण्यासाठी लागल्यानंतर पुन्हा तापवलेले असतात. त्यात जिवाणू मेलेले असतात, त्यामुळे त्याने दूध लागत नाही. वेष्टनावर हे लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

आणि जास्त विरजण घातलं म्हणजे दही चांगलं लागतं असं नाही. आम्ल भराभर वाढतं, दही रवाळ आणि आंबट होतं. लिटरला दोन मोठे चमचे भरपूर झाले.

थर्मामीटर नाही. ४५ अंश कसे ओळखू?

स्वच्छ धुतलेली करंगळी दुधात बुडवा. दूध चांगलंच गरम लागलं पाहिजे, पण दहा आकडे मोजेपर्यंत बोट ठेवता आलं पाहिजे. चटका बसून बोट मागे येत असेल तर थांबा, कारण ५० अंशांच्या वर जिवाणूंची वाढ खुंटते आणि आणखी वर ते मरतात. दूध नुसतंच कोमट असेल तर दही लागेल, पण वेळ जास्त घेईल. तरीही दर आठवड्याला योगर्ट लावणार असाल तर स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर जरूर घ्या. या कामात दुसरं कुठलंही उपकरण इतकं उपयोगी पडत नाही.

ऊब टिकवायला योगर्ट मेकरच हवा असं नाही. नुसता दिवा लावलेला बंद ओव्हन, गरम पाण्याने विसळून घेतलेला रुंद तोंडाचा थर्मास, किंवा जाड टॉवेलात गुंडाळून मोठ्या डब्यात ठेवलेलं भांडं, काहीही चालतं.

दही लागलं हे कसं ओळखायचं? किती वेळ ठेवायचं?

बरणी थोडी तिरकी करा. दही काठापासून अलगद सुटून एकसंध थरथरलं, पृष्ठभागावर ओघळ आला नाही, की ते लागलं. अशा वेळी कडेला पारदर्शक पिवळसर पाण्याची रेघ नुसती दिसू लागलेली असते किंवा तीही नसते. तिथेच थांबायचं.

फ्रूट योगर्टसाठी ही वेळ साधणं फार महत्त्वाचं आहे. लागल्यावरही उबेत राहिलेलं दही दर तासाला आंबट होत जातं. आंबट दह्यात फळाचा वास आणि गोडी दबते, मग साखर वाढवावी लागते, आणि शेवटी जे तयार होतं ते फळाऐवजी साखरेच्या चवीचं असतं. फ्रिजमध्ये टाकल्यावरही आम्ल थोडं वाढतंच, म्हणून आत्ता जरा गोडसर वाटलं तरी काढा. रात्री उशिरा विरजून सकाळी दहाला बघू, असं या दह्याला परवडत नाही. सकाळी विरजावं म्हणजे लक्ष राहतं.

फळ नेमकं किती आणि कसं शिजवायचं?

स्ट्रॉबेरीचं उदाहरण घेऊ, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. तिच्यात जवळजवळ ९१ टक्के पाणी असतं. हे पाणी तुम्ही कढईत काढलं नाही तर ते दह्यात निघतं, एवढाच काय तो पर्याय.

स्ट्रॉबेरी आधी धुवा आणि मग देठ काढा. उलटं केलं तर देठाच्या जागेतून पाणी आत शिरतं. चार तुकडे करून साखर भुरभुरवा आणि अर्धा तास तशाच ठेवा. साखर फळातला रस ओढून घेते आणि तुकडे लाल पाण्यात तरंगू लागतात. आता हा रस आधी एकटाच पसरट भांड्यात घेऊन मध्यम आचेवर आटवा आणि निम्मा झाला की मग तुकडे घाला. सगळं एकदम शिजवलं तर रस आटेपर्यंत तुकड्यांचा लगदा होतो. असं केलं की तुकडे ओळखू येतात.

सुरुवातीला वर फिकट गुलाबी फेस येतो, बुडबुडे लहान आणि भराभर असतात. पाणी उडत गेलं की बुडबुडे मोठे, जड आणि संथ होतात, फेस आपोआप बसतो, आणि चमच्याने भांड्याच्या तळावर रेघ ओढली तर ती क्षणभर मोकळी राहून मग हळूच मिटते. ही खूण दिसली की गॅस बंद करा आणि लिंबाचा रस घाला. २५० ग्रॅम स्ट्रॉबेरीचं साधारण १५० ते १७० ग्रॅम मिश्रण उरलं पाहिजे. गार झाल्यावर ते आणखी दाट होतं, म्हणून गरम असतानाच जॅमसारखं घट्ट करू नका.

चव मात्र गार झाल्यावर घ्या. थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते, त्यामुळे गरम असताना बरोबर वाटलेलं फळ दह्यात अळणी वाटू शकतं. चिमूटभर मीठ घातलं तर फळाची चव उठून येते. हे जरूर करून बघा.

सफरचंद आणि पेरू यांत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं फळातलं द्रव्य, भरपूर असतं, त्यामुळे ती आपोआप दाटतात. उलट चेरी आणि स्ट्रॉबेरीत ते कमी. घाईच्या वेळी अशा फळांत एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून घालावं आणि मिनिटभर उकळू द्यावं. त्यात काही कमीपणा नाही.

अननस घातलेलं योगर्ट दुसऱ्या दिवशी कडू झालं. दही खराब होतं का?

दही चांगलं होतं. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं आणि त्याचं कामच प्रथिनं तोडणं हे आहे. दह्याचा सगळा डोलारा केसीनवर उभा असतो. ब्रोमेलेन त्याचे तुकडे करत जातं, तशी दह्याची जाळी सैल होते आणि ते पातळ होतं. या तुकड्यांपैकी काही चवीला कडू असतात. अर्ध्या तासात खाल्लं तर काही कळत नाही, रात्रभर ठेवलं की कळतं. फ्रिजमध्ये हे काम मंदावतं, थांबत नाही.

किवीत ॲक्टिनिडिन, पपईत पपेन, ताज्या अंजिरात फिसिन अशी याच जातीची विकरं असतात. उपाय एकच: उष्णता. अननसाचे बारीक तुकडे साखरेबरोबर खदखदून ८ ते १० मिनिटं शिजवले की ब्रोमेलेन निकामी होतं. डबाबंद अननस कारखान्यातच तापवलेला असतो, तो निथळून थेट वापरता येतो. फ्रीझरमधला अननस मात्र कच्चाच समजायचा, कारण गोठवल्याने विकर मरत नाही.

पपेन त्यामानाने चिवट आहे, उष्णता बरीच सोसतं. आणि शिजवलेल्या पपईला चवही फारशी उरत नाही. पपई आणि किवी दह्यात कालवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. वाटीत दही घ्या, वर ताज्या फोडी ठेवा आणि लगेच खा. किवीचा तो हिरवा ताजेपणा शिजवून घालवण्यात काय अर्थ आहे?

मग कच्चं कोणतं फळ चालतं?

त्याच दिवशी, किंबहुना त्याच तासाला खाणार असाल तर कोणतंही. ठेवायचं असेल तर निवड करावी लागते.

आंब्याचा रस दाट असेल तर कच्चाही छान मिसळतो, मात्र गाळणीतून काढून घ्या, रेषे दह्यात फार जाणवतात. दोन-तीन दिवस ठेवायचा असेल तर मंद आचेवर बुडबुडे येईपर्यंत ढवळत तापवा आणि गार करा. अति शिजवलात तर ताजा सुगंध जातो, म्हणून बुडबुडे आले की उतरवा.

केळं कापल्यावर हवेने काळं पडतं. दह्यातल्या आम्लाने ते थोडं लांबतं, पण दुसऱ्या दिवशी रंग उतरतोच. केळं ऐनवेळीच घाला. डाळिंबाचे दाणे सालीत सुरक्षित असतात आणि कच्चे उत्तम लागतात, पण ढवळताना फुटले की रस सुटतो, म्हणून वरून. द्राक्षं बिनबियांची, कोरडी पुसून. संत्र्याच्या फोडी पातळ पापुद्रा सोलून घ्याव्यात, आणि सालीचा नुसता केशरी भाग किसून दह्यात घालावा. संत्र्याचा सगळा सुगंध त्या किसात असतो, पांढरा भाग मात्र कडू. कलिंगड आणि खरबूज यांना या पदार्थापासून लांबच ठेवा, त्यांच्याकडे पाण्याशिवाय देण्यासारखं फार थोडं आहे.

सुकवलेली फळं घालता येतात का?

येतात, आणि हा मार्ग फार कमी लोक वापरतात याचं वाईट वाटतं. ताजं फळ दह्याला पाणी देतं, सुकं फळ दह्याचं पाणी पितं. सुक्या जर्दाळूचे, खजुराचे किंवा मनुकांचे बारीक तुकडे दह्यात मिसळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तुकडे फुगून मऊ झालेले असतात, दही आदल्या दिवसापेक्षा घट्ट असतं आणि वेगळी साखरही फारशी लागत नाही. सैल लागलेलं दही सावरायलाही हा उपाय कामाला येतो. सुकं अंजीर मात्र आधी थोड्या पाण्यात उकळून घ्या.

सगळं नीट केलं, तरी पाणी सुटलं. आता?

थोडं पाणी सुटणं हा दह्याचा स्वभाव आहे, ते वाया गेलेलं नसतं. अलगद ओतून टाका किंवा पुन्हा मिसळून घ्या. फारच सुटत असेल तर कारण शोधा. दही जास्त वेळ उबेत राहिलं का? लागताना भांडं हललं का? गरम किंवा कोमट फळ घातलं का? सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फेटणं. दही रवीने किंवा मिक्सरने फिरवलं की जाळी मोडते आणि पाणी मोकळं होतं. रबरी उलथन्याने किंवा मोठ्या चमच्याने तळापासून वर, अशा दहा-बारा फेऱ्या पुरतात. फळाच्या रेघा दिसत राहिल्या तर उलट छानच दिसतं.

आणखी घट्ट कसं करता येईल?

दोन रस्ते आहेत. तापवण्याआधी दुधात लिटरला ३० ते ५० ग्रॅम दूध पावडर मिसळली तर प्रथिनं वाढतात आणि दही दाट लागतं. त्याहून जास्त घातली तर पावडरीची चव येते.

दुसरा रस्ता म्हणजे लागलेलं, गार झालेलं दही मलमलच्या स्वच्छ फडक्यात घालून गाळणीवर, फ्रिजमध्येच, दोन ते चार तास निथळत ठेवणं. मला हाच जास्त आवडतो, कारण कुठे थांबायचं ते आपल्या हातात राहतं. फळ मिसळायचं असेल तर दही अगदी कोरडं होईपर्यंत थांबू नका, चमच्यावरून सावकाश घसरेल इतपत ठेवा. खाली जमलेल्या पाण्यात प्रथिनं आणि कॅल्शियम असतं, ते पीठ भिजवताना किंवा सूपमध्ये वापरा.

तळाशी फळ आणि वर पांढरं दही असे थर कसे देतात?

हा प्रकार जुना आहे. दह्यात फळांचा मुरांबा घालण्याचं पेटंट प्राग शहरातल्या एका दूधडेअरीने १९३३ मध्ये घेतलं होतं, आणि अमेरिकेत डॅनन कंपनीने १९४७ मध्ये तळाशी स्ट्रॉबेरी असलेलं योगर्ट आणलं. त्यानंतर तिथे योगर्टचा खप वाढत गेला, कारण नुसत्या दह्याचा आंबटपणा बऱ्याच जणांना नवा होता.

घरी हा एकच प्रकार असा आहे की ज्यात फळ दूध लागण्याआधी भांड्यात जातं. म्हणून ते पूर्ण शिजलेलं आणि जॅमइतकं घट्ट हवं. १५० मिलिलिटरच्या बरणीत दीड मोठा चमचा गार मिश्रण तळाशी पसरा. विरजण घातलेलं कोमट दूध चमच्याच्या पाठीवरून अगदी बारीक धारेने सोडा, म्हणजे थर फुटणार नाही. बरण्या उबदार जागी ठेवा आणि लागेपर्यंत त्यांना हात लावू नका. आंबट फळाच्या सीमेवर दुधाचा पातळ थर किंचित रवाळ होतो, त्याने चवीला काही होत नाही.

सोपा पर्याय हवा असेल तर तयार गार दहीच फळावर चमच्याने घाला. दिसायला जवळजवळ तसंच, आणि धोका काहीच नाही.

साखर कधी आणि किती?

साखर फळात घाला, दुधात नको. दुधात थोडी साखर असली तर जिवाणूंना चालतं, पण १० टक्क्यांच्या पुढे त्यांचं काम मंदावतं आणि दही नीट लागत नाही. शिवाय साखर फळात असली की पांढऱ्या दह्याची आंबूस चव आणि फळाची गोडी वेगवेगळी जाणवते. सगळं सारखंच गोड झालं की दोन चमच्यांत कंटाळा येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी, ५ टक्क्यांखाली असेल तर अधिक चांगलं. २००० कॅलरींच्या आहारात हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम होतात. वरच्या प्रमाणाने केलेल्या योगर्टच्या १५० ग्रॅमच्या वाटीत वरून घातलेली साखर साधारण ८ ते १० ग्रॅम येते. दुधाची आणि फळाची स्वतःची साखर वेगळी.

साखर कमी करायची असेल तर फळ पिकलेलं घ्या. कच्चट फळ कितीही साखर घालून पिकत नाही. साखर कमी झाली की रस दाटत नाही, तेव्हा १०० ग्रॅम शिजवलेल्या फळात एक छोटा चमचा चिया घालून २० मिनिटं फुलू द्या. मध आवडत असेल तर फळ निवल्यावर घाला, उकळल्याने त्याचा सुगंध जातो.

विकतच्यासारखा रंग का येत नाही?

विकतच्यात बरेचदा रंग घातलेला असतो. स्ट्रॉबेरी, ब्लूबेरी, जांभूळ यांचा रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा असतो, आणि तो आम्लाप्रमाणे बदलतो: आम्ल जास्त तर लाल, कमी तर जांभळा-निळसर. फळातल्यापेक्षा दह्यात आम्ल कमी असतं, त्यामुळे लाल रस दह्यात मिसळला की फिकट, किंचित जांभळट होतो. फळ शिजवल्यावर घातलेला लिंबाचा रस यासाठीही उपयोगी आहे. तो फिकट गुलाबी रंग खरा आहे, त्याला वरून काही लावायची गरज नाही.

किती दिवस टिकतं?

४ अंशांच्या आसपासच्या फ्रिजमध्ये साधं योगर्ट आठवडाभर सहज राहतं. शिजवलेलं फळ मिसळलेलं ४ ते ५ दिवस, कच्चं फळ मिसळलेलं जास्तीत जास्त दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणून सगळं एकदम मिसळू नका. दही एका बरणीत, फळ दुसऱ्या बरणीत, आणि लागेल तसं एकत्र. बरणीतून काढताना चमचा कोरडा आणि स्वच्छ हवा, उष्टा चमचा परत बुडवला की दिवस कमी झालेच.

झाकण फुगलं, उघडताना फस्स आवाज आला किंवा दारूसारखा वास आला तर यीस्ट शिरलं आहे. टाकून द्या. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी वरचा भाग काढून खालचा खायचा नाही, ती मऊ पदार्थात खोलवर गेलेली असते.

उरलेलं फ्रूट योगर्ट पुढच्या वेळी विरजण म्हणून चालेल?

नको. फळाबरोबर साखर, आम्ल आणि नको ते जिवाणू पुढे जातात. फळ मिसळण्याआधीच तीन चमचे साधं दही वेगळ्या झाकणबंद वाटीत काढून ठेवा आणि आठवड्याच्या आत वापरा. बर्फाच्या साच्यात गोठवलं तर आणखी टिकतं. बऱ्याच पिढ्या चालवल्यावर दोन जिवाणूंचा तोल बिघडतो, दही चिकट, तार सुटल्यासारखं किंवा अतिआंबट लागू लागतं. तेव्हा नवीन विरजण आणावं.

गोठवता येईल का?

गोठवता येतं, पण वितळल्यावर पुन्हा तसंच मऊ राहत नाही, बर्फाच्या कणांनी जाळी मोडते आणि पाणी वेगळं होतं. गोठलेलंच खायचं असेल तर मजा आहे. निथळलेल्या घट्ट दह्यात फळ मिसळून साच्यांत भरा. साखर थोडी जास्त ठेवली तर दगडासारखं होत नाही.

लहान मुलांना देताना काय सांभाळायचं?

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही देऊ नका, अगदी चमच्याच्या टोकावरसुद्धा. मधात असू शकणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमच्या बीजाणूंमुळे बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, आणि घरगुती शिजवण्याने ते बीजाणू मरत नाहीत. दोन वर्षांपर्यंत वरून साखरही नको, पिकलेलं केळं किंवा आंबा कुस्करून घातला की पुरे. द्राक्षं पाच वर्षांखालच्या मुलांना नेहमी उभी चिरूनच द्या. अख्खं द्राक्ष घशात अडकतं.

दूध पचत नाही त्यांना चालतं का?

लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना दुधापेक्षा योगर्ट सोसतं. विरजताना लॅक्टोज थोडं कमी झालेलं असतं, आणि जिवंत जिवाणू पोटात उरलेलं पचवायला मदत करतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने हा परिणाम मान्य केला आहे, मात्र ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू हवेत या अटीवर. सुरुवात थोड्या प्रमाणात करावी. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे, तिथे योगर्टही चालत नाही.

सोया किंवा नारळाच्या दुधाचं करता येईल?

सोया दुधाचं येतं, कारण त्यात प्रथिनं पुरेशी असतात आणि आम्लाने ती लागतात. बिनसाखरेचं सोया दूध घेतलं असेल तर जिवाणूंना खाद्य म्हणून लिटरला एक-दोन छोटे चमचे साखर घाला. नारळाचं आणि बदामाचं दूध आंबट होतं, पण घरी विरजून सहसा घट्ट लागत नाही. त्यात आधीच अगर-अगर किंवा टॅपिओकाचं पीठ शिजवून घालावं लागतं. फळ शिजवण्याचं आणि मिसळण्याचं तंत्र मात्र तेच, फक्त प्रमाण कमी ठेवा: ५०० ग्रॅमला ७०-८० ग्रॅम, कारण हे दही मुळातच नाजूक असतं.